खोट्या शेगडीचं बटण

मी विमा कंपनीत आगीचे दावे तपासतो. म्हणजे लोकांची जळालेली स्वयंपाकघरं बघत फिरणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. काळवंडलेल्या फरशा, वितळलेला मिक्सर, अर्धवट जळालेलं कॅलेंडर, आणि शेजारी उभं राहून "साहेब, एकच मिनिट बाहेर गेले होते हो" असं सांगणारं कुणीतरी. वीसेक वर्षं हे ऐकल्यावर 'एकच मिनिट' या शब्दांवरचा माझा विश्वास पार उडालेला आहे. घरात मी पंख्यावर, चार्जरवर, इस्त्रीवर भाषणं देतो. मुलगी म्हणते की बाबांना देवापुढच्या निरांजनाचीसुद्धा भीती वाटते. ही शुद्ध अतिशयोक्ती आहे. मी निरांजन फक्त पडद्यापासून दोन हात लांब सरकवतो.

अशा माणसाच्या घरात माझी आई राहायला आली, हे दोघांचंही दुर्दैव.

आई हरसूलच्या बाजूला एका आश्रमशाळेत स्वयंपाकीण होती. तीस वर्षं तिनं तीनशे मुलांना दोन्ही वेळा जेवू घातलं. आधी लाकडाच्या चुलाणावर, मग गॅसच्या भट्टीवर. गुडघे कुरकुरायला लागल्यावर, तीन वर्षांपूर्वी, आम्ही तिला नाशिकला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. इथं तिची एकच अडचण झाली. चार माणसांचा अंदाज तिला येईना. वरण करायला बसली की इमारतीतल्या सगळ्या मजल्यांना पुरेल एवढं व्हायचं. बायको पहिले सहा महिने शेजाऱ्यांना डबे पोहोचवत होती. शेजारी आम्हाला फार प्रेमळ कुटुंब समजायला लागले.

मग गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो प्रकार झाला. बायको शाळेत शिकवायला गेली होती, मुलगी कॉलेजात, मी फाइल विसरलो म्हणून दुपारी घरी आलो. दार उघडताच गॅसचा वास. शेगडीवर दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, बटण चालूच, आणि आई गॅलरीत निवांत मेथी निवडत बसलेली. मी खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला आणि मग तिच्यावर ओरडलो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की माझा आवाज चढतो. "एकच मिनिट बसली होती रे," ती म्हणाली. बास. तिनं नेमके तेच शब्द वापरायला नको होते.

त्या दिवसापासून मी तिला शेगडीजवळ जायला बंदी केली. नुसती तोंडी बंदी नाही, मी पक्का बंदोबस्त केला. सकाळी आम्ही तिघं बाहेर पडताना मी रेग्युलेटर बंद करायचो आणि लायटर माझ्या ऑफिसच्या बॅगेत टाकायचो. घरात काडेपेटी ठेवली नाही. देवापुढचा दिवासुद्धा मी घरी असतानाच लागायचा. आईसाठी डबा भरून ठेवलेला असायचा, तो ती दुपारी गार खायची. ज्या बाईनं तीस वर्षं एकाही पोराला गार भाकरी वाढली नाही, ती रोज दुपारी गार पोळी खात होती आणि मी ऑफिसात बसून स्वतःला जबाबदार मुलगा समजत होतो. बायकोचं म्हणणं होतं की हे जरा जास्तच होतंय. मी तिला जळालेल्या घरांचे फोटो दाखवले. ती म्हणाली, "हे तू जेवताना दाखवू नकोस."

आईनं बंदी पाळली. फक्त रोज संध्याकाळी मी घरी आलो की एकदा विचारायची, "भाऊ, मी चहा ठेवू का?" आणि मी म्हणायचो, "राहू दे आई, मी ठेवतो." तीन महिने रोज हा एवढाच संवाद. ती रोज विचारत होती आणि मी रोज नाही म्हणत होतो.

नाताळच्या सुटीत मुलीनं जाहीर केलं की आपण सगळ्यांनी 'मोठ्ठी भातुकली' बघायला जायचंय. हायवेलगतच्या एका मॉलमध्ये वरच्या मजल्यावर ती नवीन उघडली होती. मी आधी समजलो की दुकान असेल. तसं नव्हतं. तिथं म्हणे भातुकलीतली सगळी भांडी माणसापेक्षा मोठी करून ठेवली होती. आपण आत शिरायचं, पातेल्याशेजारी उभं राहायचं आणि फोटो काढायचे. फोटोत आपण बोटाएवढे दिसतो. 'या, आणि लहान व्हा' असं जाहिरातीत लिहिलेलं होतं.

"पैसे भरून लहान कशाला व्हायचं?" मी म्हणालो. "ऑफिसात मला साहेब रोज फुकट लहान करतात."

"बाबा, आजीसाठी चाललोय आपण," मुलगी म्हणाली. "घरातल्या स्वयंपाकघरात तू जाऊ देत नाहीस, निदान तिथल्या तरी जाऊ दे."

मी बॅग उचलली.

ती बॅग उचलणं ही माझी चूक. मॉलच्या दारात खाकी साडीतल्या एका रक्षक बाईंनी ती उघडली, आत हात घातला आणि गॅसचा लायटर बाहेर काढला. सुटीच्या दिवशीसुद्धा सवयीनं मी तो बरोबर घेतला होता.

"लायटर आत चालत नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, हा तसला लायटर नाही. ह्यात गॅस नसतो, नुसती ठिणगी पडते," मी तज्ज्ञाच्या आवाजात समजावलं.

"ठिणगी पडते ना? मग चालत नाही." मग त्यांनी मला नीट न्याहाळलं. "पण शेगडीचा लायटर घेऊन तुम्ही मॉलमध्ये कशाला आलात?"

मागं रांग लागली होती. काय सांगावं ते मला कळेना. माझ्या मुलीला मात्र कधीच असा प्रश्न पडत नाही. "घरी आजीनं गॅस पेटवू नये म्हणून बाबा तो बरोबर घेऊन फिरतात," ती म्हणाली.

बाईंनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. लायटर मागच्या फळीवर ठेवून त्यांनी खुणेचा एक पितळी बिल्ला काढला आणि माझ्यापुढे धरला. मी हात पुढे करायच्या आधी आईनं तो घेतला.

"दे, मी सांभाळते," ती म्हणाली आणि बिल्ला तिनं चंचीत, सुपारीशेजारी ठेवून दिला.

वर गेलो. भातुकलीत शिरायला पत्र्याच्या एका भल्यामोठ्या पेटीतून वाट होती. आत पहिल्यांदा एक अंगण, त्यात माझ्या कमरेएवढी पाटा-वरवंट्याची जोडी आणि झोपाळ्यासारखी टांगलेली कळशी. एक गृहस्थ त्या कळशीत बसले होते आणि त्यांना बाहेर निघता येत नव्हतं. त्यांच्या सौभाग्यवती आधी फोटो काढत होत्या आणि मग मदतीचं बघू म्हणत होत्या. मी सवयीनं बाहेर पडायच्या वाटा आणि आग विझवायच्या लाल नळकांड्या कुठं आहेत ते बघून घेतलं. दोन्ही होत्या. मला जरा वाईटच वाटलं.

अंगण संपलं की रंगवलेली चौकट आणि तिच्यापलीकडे मुख्य दालन, म्हणजे स्वयंपाकघर. चौकटीशी निळ्या सदऱ्यातला एक मिशीवाला रखवालदार उभा होता. आई उंबरठ्यापाशी थांबली आणि तिनं चपला काढल्या.

"आजी, राहू द्या, चपला घालूनच या," रखवालदार म्हणाला.

"सैपाकघरात?" आईनं विचारलं. नुसतं विचारलं, पण अशा सुरात की त्याला स्वतःच्या आईची आठवण झाली असणार.

"अहो, हे खोटं स्वयंपाकघर आहे."

"चूल हे ना आत? मग झालं." आणि तिनं एक चप्पल चौकटीच्या या बाजूला ठेवली, दुसरी पार त्या बाजूच्या कुंडीमागं. देवळात जायच्या सवयीचा माणूस जोडी कधी एकत्र ठेवत नाही. एक चप्पल कुणी नेत नाही, हा साधा हिशेब.

आजीनं काढल्या म्हणून मुलीनं काढल्या, सासूबाईंनी काढल्या म्हणून बायकोनं. मी एकटाच बूट घालून उभा राहिलो असतो तर शोभलं नसतं, म्हणून मीही काढले आणि मूर्खासारखे शेजारी शेजारी जोडीनं ठेवले. आमच्या मागं ओझरकडचं एक मोठं कुटुंब होतं. त्यांनी आमच्या काढलेल्या चपला पाहिल्या आणि एक शब्द न विचारता सगळ्यांनी पटापट चपला उतरवल्या. त्यांच्या मागच्यांनी त्यांच्या पाहिल्या. नाशिकच्या माणसाला चपलांचा ढीग दिसला की तो कारण विचारत नाही, पाय आपोआप मोकळे करतो. दहा मिनिटांत चौकटीबाहेर असा ढीग झाला की लांबून येणाऱ्यांना आत काहीतरी मोठं जागृत स्थान आहे असं वाटावं. एका काकूंनी तर आत शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आधीच बूट घालून आत गेलेले लोक ओशाळून भिंतीच्या कडेनं बाहेर यायला लागले. रखवालदारानं थोडा वेळ "घालूनच चला, घालूनच चला" असं म्हणून पाहिलं. शेवटी तो दमला आणि "चपला बाहेर, चपला बाहेर" असं ओरडायला लागला. ते त्याला जास्त सोपं गेलं.

आत खरंच गंमत होती, हे मला कबूल केलं पाहिजे. छतापर्यंत फडताळ, त्यात खाटेएवढ्या ताटल्या. हळू फिरणारा पोळपाट, त्यावर उभं राहून मुली गिरक्या घेत होत्या. एका परातीत पांढरे आणि पिवळे चेंडू, म्हणजे तांदूळ आणि डाळ, आणि त्यात लोळणारी मोठमोठी माणसं. कुठूनतरी कुकरच्या शिट्टीचा आवाज लावलेला होता. आणि मधोमध, बुटक्या ओट्यावर, दोन बर्नरची लालभडक शेगडी. एका बर्नरवर पातेलं, त्याला शिडी. लोक शिडी चढून पातेल्यात बसत होते आणि स्वतः शिजत असल्याचे फोटो काढून घेत होते. दोन्ही बर्नरमधून निळ्या-पिवळ्या दिव्यांच्या ज्वाळा, पंख्याच्या वाऱ्यावर फडफडणाऱ्या.

तिथं त्यांचा स्वतःचा एक फोटोवाला होता. तो प्रत्येकाला डोळे मोठे करायला लावत होता. पातेल्यापुढे आईला उभी करून तो म्हणाला, "आजी, एकदम घाबरल्यासारखं करा. एवढं मोठं पातेलं आयुष्यात पाहिलं नाही, असं!"

"ह्याच्याहून मोठं रोज घासलंय मी," आई म्हणाली.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

मग मला कळलं की तिला बाकी कुणासारखं काही वाटतच नव्हतं. आम्ही सगळे तिथं बाहुल्या झालो होतो. आई मात्र तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या मापाच्या स्वयंपाकघरात आली होती. आमच्या फ्लॅटमधली दोन वाटी तांदळाची भांडी, तीच तिची भातुकली होती. इथं आल्यावर तिचे खांदे सरळ झाले, गुडघे कुरकुरायचे थांबले आणि तिनं तपासणी सुरू केली. पातेल्यावर बोटानं टकटक केलं. "आवाजच नाय ह्याला. कशाचं केलंय हे?" फायबरचं आहे म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं. मग ती पातेल्याभोवती फिरून आली. "आणि कड्या कुठं हेत? कड्या नसल्यावर दोघांनी उतरवायचं कसं? बांबू कशात घालतील?"

"आजी, हे उतरवायचं नाहीच आहे," फोटोवाला म्हणाला.

"मग पोरं जेवतील कधी?" ती म्हणाली. तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. ओझरच्या कुटुंबातल्या बायका मात्र जवळ सरकल्या आणि आई त्यांना तीनशे माणसांच्या डाळीला पाणी किती, ते सांगायला लागली. एकीनं फोनमध्ये टिपूनही घेतलं. तिला ते कधी लागणार होतं कोण जाणे.

बोलता बोलता आई मध्येच थांबली. शेगडीच्या दुसऱ्या बर्नरकडे तिनं बोट केलं. "भाऊ, ती रिकामीच पेटून राह्यली."

"आई, ते दिवे आहेत."

"वर काय ठेवलंय?"

"काही नाही. खोटी शेगडी आहे ती."

"खोटी असली म्हणून काय रिकामी पेटवायची?"

तिनं आधी रखवालदाराला सांगितलं, मग फोटोवाल्याला. दोघं हसले. मग तिनं पदर खोचला, शेगडीच्या बटणापुढे शोभेसाठी लावलेल्या दोरीखालून वाकून पलीकडे गेली, ताटाएवढ्या त्या बटणाला दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवलं.

ते फिरलं.

खाट असा आवाज झाला आणि दोन्ही ज्वाळा विझल्या. पंखा थांबला, पोळपाट थांबला, कुकरची शिट्टी अर्ध्यात अडकून बंद पडली. छतातले पिवळे दिवेही गेले. नुसते भिंतीतले चार पांढरे दिवे उरले आणि त्यांच्या उजेडात डाळ-तांदळात लोळणारी माणसं एकदम कावरीबावरी दिसायला लागली. पातेल्यातून कुणीतरी "अहो, आम्ही आत आहोत" असं ओरडलं.

माझ्या डोक्यात जे पहिलं आलं ते सांगायला नको, पण सांगतो. तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेचं नुकसान. वीस वर्षांची नोकरी अशी अंगात मुरते.

आई मात्र दोरीपलीकडे कमरेवर हात ठेवून उभी होती. आश्रमशाळेत तिचा आवाज मैदानापर्यंत जायचा. तो तिनं आता लावला. "एवढी माणसं आत, शेगडी रिकामी पेटती, आणि एकाचंबी ध्यान नाय! समदे फोटो काढून राह्यले!"

ती हे सगळ्यांना म्हणाली होती. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पण त्या दालनात असा एकच माणूस होता जो गॅस चालू आहे हे बघून पुढे झाला होता, आणि तिलाच मी तीन महिने शेगडीपासून लांब ठेवलं होतं. आग तपासणारा म्हणून पगार घेणाऱ्या मी दोनदा त्या शेगडीसमोर उभं राहून फोटो काढून घेतले होते. मला लाज वाटली.

तेवढ्यात तिथला व्यवस्थापक धावत आला. गळ्यात पट्टा, हातात फोन, चेहरा घामेजलेला. मी भरपाईच्या बोलण्याची मनात जुळवाजुळव करत होतो. पण त्यानं बटणाकडे पाहिलं, मग ते स्वतः थोडं हलवून पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "हे फिरतं?" तो म्हणाला. "आम्ही रोज मागच्या खोलीतून बंद करतो. ठेकेदारानं हे बटण फिरतं, सगळं ह्यानंच बंद होतं, असं सांगितलंच नव्हतं." उघडल्यापासून सगळ्या नाशिकनं त्या बटणापुढे उभं राहून फोटो काढले होते. बंद करावं असं कुणालाच सुचलं नव्हतं.

पहिली टाळी ओझरच्या कुटुंबातून आली. मग सगळेच वाजवायला लागले. पातेल्यातल्यांनीसुद्धा वाजवल्या.

"आजी, आता तुम्हीच चालू करा!" व्यवस्थापक म्हणाला. त्याला यात नवीन खेळ दिसायला लागला होता. फोटोवाल्यानं कॅमेरा वर घेतला.

आईनं बटणाकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. मागं वळली. गर्दीत मला शोधलं आणि बघत राहिली. मला आधी कळेना, काय झालं. मग कळलं. ती विचारत होती. चालू करू का.

खोटी शेगडी, फायबरची, दिव्यांची. आणि तीनशे पोरांची भट्टी पहाटे एकटीनं पेटवणारी ही बाई ती चालू करायला माझी परवानगी मागत होती. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाला ते कळलं नाही. माझ्या बायकोला कळलं, कारण तिनं माझा हात घट्ट धरला. मी मान हलवली. मान हलवताना मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मुलीला वाटलं मी हसतोय, म्हणून तिनं माझा फोटो काढला.

आईनं दोन्ही हातांनी बटण फिरवलं. ज्वाळा उठल्या, पोळपाट फिरला, शिट्टीनं आपलं उरलेलं अर्धं वाजवून घेतलं. मग व्यवस्थापकाला ती म्हणाली, "त्या रिकाम्यावर तेवढा तवा ठेवा." त्यानं मान डोलावली. ठेवला की नाही ते मला माहीत नाही.

बाहेर आलो तर चपलांच्या ढिगात माझा एकच बूट होता. उजवा. डावा कुणीतरी चुकून घालून गेलं होतं आणि त्या जागी एक तपकिरी, माझ्यापेक्षा अंगठाभर लहान बूट सोडून गेलं होतं. आईनं कुंडीमागून आपली चप्पल काढली, दुसरी या बाजूनं घेतली आणि माझी वाट बघत उभी राहिली. "जोडीनं ठेवले होते का?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही, तेवढी दया तिनं दाखवली.

लंगडत खाली आलो. दारात त्याच रक्षक बाई होत्या. आईनं चंची उघडून बिल्ला काढला. बाईंनी फळीवरून लायटर उचलला आणि हात मध्येच थांबवला. एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "कुणाकडे देऊ?" त्यांनी विचारलं.

"आईचाच आहे तो," मी म्हणालो.

आईनं लायटर घेतला. एकदा दाबून पाहिला, ठिणगी पडते का ते. मग चंचीत मावेना म्हणून हातातच धरला. रिक्षात घरी येईपर्यंत ती बाहेर बघत होती आणि लायटर तिच्या मांडीवर होता. मुलीनं एकदा फोनमधला फोटो तिला दाखवला, दोन्ही हातांनी बटण फिरवतानाचा. आईनं तो लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "पदर नीट खोचला होता, बरं झालं."

घरी आलो. मी कपडे बदलून बाहेर आलो तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रोजच्यासारखंच तिनं विचारलं, "भाऊ, मी चहा ठेवू का?"

"ठेव," मी म्हणालो.

मी ओट्याशी जायचं नाही असं ठरवलं होतं आणि दिवाणखान्यात वर्तमानपत्र उलटं धरून बसलो होतो. लायटरचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा आवाज आला. आल्याचा वास आला. मग बटण बंद केल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागून थोड्या वेळानं खाली रेग्युलेटर बंद केल्याचासुद्धा. आम्हा चौघांसाठी तिनं अकरा कप चहा केला होता. बायको दोन कप घेऊन शेजारी द्यायला गेली.

आई माझ्यासमोर बसली. मला काहीतरी बोलायचं होतं. तीन महिन्यांचं. "आई, त्या दिवशी मी जास्तच ओरडलो," मी म्हणालो. "पण गॅस चालू राहिला की मला..."

"दोनदा," ती म्हणाली.

"काय दोनदा?"

"तू दोनदा चालू ठेवला होता. एकदा दिवाळीच्या आधी. चहा गाळून घेतला आणि खाली बारीक तसाच. दुसऱ्यांदा दूध तापवलं आणि फोनवर बोलत गॅलरीत गेला. मी बंद केला." ती बशीत चहा ओतत होती. "तू वट्यापासनं हलला का रोज मागनं जाऊन बघती मी. हात लावायचा नाय म्हणला होता ना तू, पण बंद करायला लावला."

मला आठवून बघावं लागलं. फोन आठवला. गॅलरी आठवली. एकच मिनिट गेलो होतो.

"मग तू बोलली का नाहीस?"

आईनं बशी ओठांना लावली, एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बोलून काय करायचं, भाऊ? तुझ्याबी हातातून लायटर काढून घेतला असता, तर मला गरम चहा कोणी दिला असता?"

माझा चहा समोर होता. मी तो गुपचूप प्यायलो.